थॉमसीनबाईंचं भूत कोणाच्या पक्षाचं

वेल्सच्या डोंगराला लागून असलेल्या आमच्या लानगार्थ गावात भुतांचा तुटवडा कधीच नव्हता. मधे एकदा राजाचं डोकं उडवून कडक धर्माची माणसं कारभारावर बसली, तेव्हा त्यांनी नाताळ बंद केला, मे महिन्यातला नाचाचा खांब तोडला आणि त्याच झपाट्यात भुतांनाही मनाई केली. मी तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होतो. खोटं वाटेल, पण सगळी भुतं गुमान डोंगर चढून वेल्समध्ये निघून गेली. आमच्या सुताराचा मेलेला बाप दर शनिवारी आपला रंधा शोधायला यायचा, त्याला चढणीला लागलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. रंधा काखेतच होता. पुढे नवा राजा आला, नाताळ आला, खांब आला आणि एकेक करून भुतंही परत आली. जरा अंगाने भरून आली, कारण तिकडे चीज चांगलं मिळतं.

पण ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणाची नाही. जे भूत आलंच नव्हतं, त्याची ही गोष्ट आहे. आणि सगळ्या भुतांत तेच जास्त महागात पडलं.

गावात मी चर्चची घंटा वाजवायचो आणि कबरी खणायचो. माझी बायको ॲव्हिस गुत्ता चालवायची. म्हणजे माणूस माझ्या बायकोकडून निघायचा तो माझ्याकडेच यायचा, मधे कुठेही थांबला तरी. त्यामुळे गावातलं आम्हाला कळायचं नाही असं फारसं काही नव्हतं.

थॉमसीन डेलाहे ही गावातल्या सफरचंदाच्या मोठ्या बागांची मालकीण. विधवा, मूलबाळ नाही, तोंड फटकळ. तिच्याकडे सिबिल ग्विलिम नावाची बाई कामाला होती. डोंगरातून पोरवयात आली ती तिथेच पिकली. बाईचे केस विंचरायचे, बाईच्या शिव्या खायच्या, आणि शेवटी बाईच्या पायांत पाणी उतरलं तेव्हा तिला उचलून खाली-वर करायचं, हे सगळं सिबिलने केलं. त्या दुखण्यात एका दुपारी बाईने तिचं मनगट धरलं आणि सांगितलं, की बागेच्या टोकाला जे खोपटं आहे ते तुझं. मरेपर्यंत राहा, कोणी हलवायचं नाही. खोलीत त्या दोघी आणि एक मांजर. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, आणि मांजर चालत नाही.

बाई गेली. मी घंटा वाजवली, कबर खणली. त्याच साली नवा कायदा आला होता, की मढ्याला तागाच्या कापडात पुरायचं नाही, लोकरीतच पुरायचं. देशातल्या धनगरांचं भलं व्हावं म्हणून मेलेल्यांनीही हातभार लावायचा. सिबिलने रडत रडत बाईला लोकरीत गुंडाळलं. पुतण्या ब्रिडस्टॉक डेलाहे लेमस्टरहून आला, घर पाहिलं, बागा पाहिल्या, तळघरातली पिंपं ठोकून पाहिली आणि सिबिलला सांगितलं, की सफरचंदांची दारू गाळून होईपर्यंत राहा, मग आपली वाट धर.

वाट कुठली धरणार? डोंगरात तिचं कोणी उरलं नव्हतं. गुडघे गेलेले. अशा बाईला कोणी कामावर ठेवत नाही, आणि कोणत्याही गावाला ती आपल्या हद्दीत मरायला नको असते, कारण पोसायचा-पुरायचा खर्च त्या गावावर पडतो. एक गाव तिला ओढ्यापलीकडे लोटतं, दुसरं परत अलीकडे लोटतं, आणि थंडी पडली की ती ओढ्यातच सापडते. अशा बायका मी पुरलेल्या आहेत. नाव विचारायलासुद्धा कोणी नसतं. तेव्हा सिबिलला ते खोपटं हवं होतं म्हणजे काय हवं होतं, हे ध्यानात घ्या.

ती पुतण्याला सांगून आली, फौजदाराला सांगून आली, पाद्रीसाहेबांना सांगून आली. सगळे म्हणाले, पुरावा आण. शेवटी गुत्त्यात येऊन कोपऱ्यात बसली. ॲव्हिसने तिच्यापुढे पेला ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सिबिल, जिवंत मोलकरणीचं कोण ऐकतं गं? मेलेल्या मालकिणीचं ऐकतील."

सिबिलला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती घाबरली. म्हणाली, "खोटं बोलू?"

"खोटं कसलं? बाई बोलल्या होत्या की नाही?"

"बोलल्या होत्या. माझ्या गळ्याची आण."

"मग? जिवंतपणी बोलल्या ते मेल्यावर बोलल्या, एवढंच सांगायचं. शब्द तेच. दिवस तेवढा पुढचा."

माझ्या बायकोसारखा वकील हेरेफर्डच्या कोर्टातसुद्धा नव्हता.

चार-सहा दिवसांनी सिबिलने पाद्रीसाहेबांचं दार ठोठावलं. लख्ख दुपारी, नासपतीच्या झाडाखाली थॉमसीनबाई उभ्या दिसल्या म्हणाली. आणि म्हणाल्या, खोपटं सिबिलचं.

आता आमच्या पाद्रीसाहेबांविषयी सांगायला हवं. एरास्मस स्कर्म त्यांचं नाव. गोल, गुलाबी, ऑक्सफर्डला शिकलेले. काही लोक जुनी नाणी जमवतात, स्कर्मसाहेब भुतं जमवायचे. लंडनच्या कॉफीखान्यांत म्हणे दीडशहाणी पोरं बसतात आणि म्हणतात, आत्मा नाही, भूत नाही, सगळं नुसतं मांस आणि वारा. स्कर्मसाहेबांना त्याने झोप यायची नाही. त्यांचं म्हणणं असं, की आज भूत काढलं तर उद्या देवदूत निघतील आणि परवा देवच निघेल. म्हणजे एकेक खरं भूत ही चर्चच्या छपराखालची एकेक तुळई. कुठे भूत निघालं असं कळलं की ते घोडं जोडून धावायचे. पण बहुतेक ठिकाणी दारू नाहीतर घुबड निघायचं. आणि इथे लख्ख उन्हातलं, शुद्धीवरच्या बाईने पाहिलेलं, न्यायाची गोष्ट बोलणारं भूत आपल्या पायांनी दारात चालत आलं. स्कर्मसाहेबांनी सिबिलला खुर्ची दिली. तिला जन्मात कोणी खुर्ची दिली नव्हती. त्या खुर्चीनेच तिचा घात केला असं मला वाटतं. खुर्चीवर बसून जे सांगितलं ते परत घेता येईना.

साहेबांनी दोन रविवार त्या भुतावर प्रवचन केलं. गाव पेटलं. ब्रिडस्टॉककडे लोक असे बघायला लागले, की त्याच्या हातून बायका अंडी घेईनात. तो नास्तिक नव्हता, भित्रा होता. संध्याकाळी बागेतून जायचं असलं की कुत्रं पुढे सोडायचा. पण खोपटंही सोडवत नव्हतं. शेवटी त्याने चार लोकांत कबूल केलं, की भूत खरं बाईंचंच ठरलं तर खोपटं तिचं, शब्द देतो. फक्त ते चर्चमध्ये, सगळ्यांदेखत ठरावं. आणि समोरच्या बाजूने बोलायला लिंगनला बोलवावं.

हा झकारी लिंगन म्हणजे त्या कडक काळातला आमचा पाद्री. लांब, सुकलेला, आवाज मात्र माझ्या घंटेपेक्षा मोठा. राजा परत आल्यावर त्याला काढून टाकलं, आणि तेव्हापासून तो एका कोठारात चोरून प्रवचनं द्यायचा. आवाज असा, की चोरून दिलेलं प्रवचन ओढ्यापलीकडे ऐकू जायचं. त्याचं मत स्पष्ट होतं. माणूस मेला की आत्मा सरळ वर नाहीतर सरळ खाली. मधे बागेत फिरायला सुट्टी नाही. जे काही फिरतं तो सैतान, आपल्या माणसाचं तोंड लावून आलेला. स्कर्म आणि लिंगन हे एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले की दोघेही गटाराच्या बाजूने जायचे, त्यामुळे तिथेच धडकायचे.

त्या रविवारी चर्च इतकं भरलं, की लोक खिडक्यांवर बसले. लिंगन आत आला आणि व्यासपीठाकडे बघत राहिला, आपल्या घरात दुसऱ्याचं बिऱ्हाड बघावं तसा. सिबिलला मधे उभं केलं. ब्रिडस्टॉक पुढच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर.

आधी दोघांनी शास्त्राचा भुगा पाडला. स्कर्मसाहेब म्हणाले, शास्त्रातच आहे की एका राजाने मेलेल्या संदेष्ट्याला उठवून घेतलं आणि तो बोललाही. लिंगन म्हणाला, तो संदेष्टा नव्हताच, सैतान होता, फक्त दाढी संदेष्ट्याची. साहेब म्हणाले, मग सैतान खरं भविष्य कसं बोलला? लिंगन म्हणाला, सैतान खरंच बोलतो, त्याशिवाय त्याच्या खोट्याला गिऱ्हाईक कसं मिळणार? असं बरंच चाललं. मागे पोरं रडायला लागली. मग ते सिबिलकडे वळले.

स्कर्मसाहेबांनी मायेने विचारलं, बाईंनी कोणते कपडे घातले होते. लोकांनी कान टवकारले, कारण सगळ्यांच्या गोष्टीतली भुतं पांढऱ्या तागात येतात.

सिबिल म्हणाली, "लोकर होती, साहेब. आम्ही पुरलं तीच. आणि मानेपाशी खाजवत होत्या. म्हणाल्या, ही टोचते गं फार."

चर्च हसलं, पण थॉमसीनबाईंना ओळखणारा प्रत्येकजण म्हणाला, हे त्याच बोलल्या. ब्रिडस्टॉकच्या गुडघ्यावरून टोपी खाली पडली. खरं सांगतो, मला माहीत होतं की हे सगळं माझ्या बायकोच्या गुत्त्यात शिजलंय, तरी मी मागे वळून दाराकडे पाहिलं.

खोपटं तिला मिळाल्यातच जमा होतं. तेव्हा लिंगन उठला. आवाज एकदम खाली आणून, आजारी माणसाशी बोलावं तसं तिला म्हणाला, "सिबिल, बाईंचं मन शांत होतं का गं? तुझ्याकडे त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं का?"

सिबिलला वाटलं, हा विचारतोय की बाई भाविक होत्या का. ती डोंगरातली. तिथे तिच्या आजीने शेकोटीशी ज्या भुतांच्या गोष्टी सांगितल्या, त्यातलं एकही भूत काही मागितल्याशिवाय गेलेलं नव्हतं. मेलेला माणूस येतो तो एकच गोष्ट मागतो, हे तिला इतकं ठाऊक होतं, की न मागणारं भूत तिला भूतच वाटलं नसतं. तिने हात जोडले आणि चांगल्या मनाने, मालकिणीची अब्रू वाढावी म्हणून म्हणाली, "हो साहेब. म्हणाल्या, सिबिल, माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना कर. फार जड जातंय."

लिंगन खाली बसला. त्याला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणजे काय, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. ती पोपवाल्यांची रीत. स्वर्ग आणि नरक यांच्यामधे त्यांचं एक शुद्धिस्थान असतं, तिथे मेलेले भाजत पडतात आणि इकडच्यांच्या प्रार्थनेवर इंचाइंचाने वर सरकतात. आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळीच राजाने कायदा करून ते बंद केलं. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. एरवी एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. पण त्या वर्षी लंडनहून बातमी आली होती, की पोपवाले राजाचा खून करणार आहेत. शिपाई गावोगाव हिंडत होते, पलीकडच्या खोऱ्यात एका घराच्या भिंतीमागून धर्मगुरूंची लपायची जागा शोधून काढली होती, आणि कोणाच्या पेटीत जपमाळ सापडली तरी तो माणूस हेरेफर्डच्या तुरुंगात जात होता. आणि इथे आमच्या पाद्रीसाहेबांनी दोन रविवार व्यासपीठावरून ज्या भुताची वाखाणणी केली, ते भूत पोपवालं निघालं.

स्कर्मसाहेबांच्या गालावरचा गुलाबी रंग कसा उतरला ते मी घंटेच्या दोराजवळून पाहिलं. ते हळूच मागे सरकले. सिबिलपासून दूर, जणू तिच्या अंगाला काही लागलं होतं. मग घसा साफ करून म्हणाले, की आपले विद्वान बंधू, म्हणजे लिंगन, बरोबर होते. खऱ्या थॉमसीनबाईंनी असली मागणी कधीच केली नसती. तो सैतान होता. बाईंच्या रूपात, बाईंच्या लोकरीत आला होता.

ब्रिडस्टॉकने टोपी उचलली, झटकली आणि म्हणाला, "मग सैतानाने दिलेलं खोपटं काही मी देणं लागत नाही."

तेव्हा कुठे सिबिलच्या लक्षात आलं काय झालं ते. ती गुडघ्यांवर बसली, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर. म्हणाली, "साहेब, मी काहीच पाहिलं नाही. मी खोटं बोलले. बागेत कोणी आलं नाही. बाई बोलल्या त्या जिवंतपणी, पलंगावर, माझा हात धरून. तेवढंच खरं आहे. मला फटके मारा, खोड्यात अडकवा, पण मी काही पाहिलं नाही."

हे खरं होतं. अख्ख्या सकाळीत त्या चर्चमध्ये बोललं गेलेलं हे एकच खरं वाक्य. आणि ते कोणालाच नको होतं. भूत नव्हतंच म्हटलं तर स्कर्मसाहेबांची तुळई गेली, कॉफीखान्यातली पोरं लानगार्थच्या पाद्र्याला हसणार. भूत नव्हतंच म्हटलं तर लिंगनचा सैतानही गेला, आणि इतक्या वर्षांनी चर्चमध्ये मिळालेला जय एका मोलकरणीच्या थापेवर मिळालेला ठरणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिंगन म्हणाला, "तो आत्ता तिच्या तोंडून बोलतोय. आपण नव्हतोच, असं म्हणवून घेणं ही त्याची जुनी खोड आहे."

स्कर्मसाहेब म्हणाले, "अगदी बरोबर."

दोघांचं कधी कशावर एकमत झालं असेल तर ते हे. लोक म्हणाले, केवढा चमत्कार.

ब्रिडस्टॉकला तिला चेटकीण ठरवून हेरेफर्डला पाठवायचं होतं. पण स्कर्मसाहेबांनी कानावर हात ठेवले. कोर्टात पहिला प्रश्न हा आला असता, की त्या भुताची जाहिरात कोणी केली. लिंगनलाही कोर्ट नको होतं, कारण तिथे कोठारातल्या प्रवचनांची चौकशी निघाली असती. तेव्हा सिबिलचा जीव वाचला. तिच्या जिवाला किंमत होती म्हणून नव्हे, दोघांची कातडी त्याच दोरीला बांधलेली होती म्हणून.

हे सगळं चाललं असताना सिबिल उठली, लंगडत चर्चबाहेर गेली, बाग ओलांडली आणि खोपट्यात शिरून आतून खिट्टी लावली.

आता तिला बाहेर कोण काढणार? ब्रिडस्टॉकने फौजदाराला सांगितलं. फौजदार म्हणाला, सैतान आत असेल तर आधी पाद्रीसाहेब जाऊ देत. पाद्रीसाहेब म्हणाले, सैतान असं निदान लिंगन यांनी प्रथम केलं, मान त्यांचा. लिंगन म्हणाला, मला सरकारने पाद्री मानायचं बंद केलंय, मी कोण जाणारा. ब्रिडस्टॉक स्वतः तर उन्हं कलली की त्या बाजूला फिरकतही नव्हता. अशा रीतीने सिबिलला खोपटं मिळालं. बाईंनी दिलं तसंच, मरेपर्यंत.

मिळालं म्हणजे किती मिळालं तेही सांगतो. विहिरीवर बायका तिला पाणी भरू देईनात. ती ओढ्यावर जायची. गिरणीवाला तिचं धान्य दळेना, म्हणाला दगड बाटेल. ती जव दगडावर कुटून उकडून खायची. चर्चमध्ये यायला मनाई, आणि आली नाही म्हणून दर काही महिन्यांनी चर्चचा ठपका. पोरं छपरावर दगड टाकायची आणि पळायची. ॲव्हिस बरेच दिवस कुंपणाशी भाकरी ठेवत होती. मग गुत्त्याचा परवाना नव्याने घ्यायची वेळ आली, त्यावर पाद्रीसाहेबांची सही लागते, आणि साहेबांनी भाकरीचा विषय काढला. ॲव्हिस घरी येऊन दिवसभर भांडी आपटत होती. पण भाकरी बंद झाली.

माणसं मात्र तिच्याकडे यायची. उन्हाळ्यात ऑक्सफर्डचे विद्वान यायचे, स्कर्मसाहेब त्यांना घेऊन जायचे. काठीने दार ठोठावून म्हणायचे, सिबिल, सांग या गृहस्थांना. लंडनची ती पोपवाल्यांची भानगड एव्हाना थापाड्यांनी रचलेली निघाली होती, तेव्हा साहेबांना परत धीर आला होता. सैतान हळूहळू मागे पडून पुन्हा थॉमसीनबाईंचा पुण्यात्मा पुढे यायला लागला होता. फक्त प्रार्थनेचा भाग सांगायचा नाही, असा तिला दम होता. लिंगन आपली माणसं आणायचा, त्यांना प्रार्थनेचाच भाग हवा असायचा. सिबिल ज्याला जे हवं ते सांगायची. दोघेही जाताना तिला उपदेश करून जायचे. खायला कोणी काही आणलं नाही. साहेबांचं म्हणणं, दान दिलं तर साक्ष विकत घेतली असं होईल.

मग तो हिवाळा आला, ज्यात नदी तळापर्यंत गोठली. इतकी थंडी, की मी घंटा वाजवली तर आवाज मनोऱ्यातच गोठून राहायचा आणि वसंतात बर्फ वितळल्यावर तीन अंत्ययात्रांचे टोल एकदम बाहेर पडले. हे राहू द्या. जमीन अशी झाली की कबरीसाठी आधी जाळ करून माती मऊ करावी लागे.

एका दुपारी खोपट्यातून धूर निघत नाही असं कोणाच्या तरी लक्षात आलं. गावभर झालं, सिबिल चालली. आणि मरणाऱ्या माणसाचा शब्द म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. मरताना कोणी खोटं बोलत नाही, असं सगळे धरतात, कोर्टसुद्धा धरतं. स्कर्मसाहेब बर्फातून धावत निघाले, शेवटची कबुली घ्यायला, की तो बाईंचा आत्माच होता. लिंगन कोठाराकडून निघाला, तो सैतानच होता हे ऐकायला. दाराशी दोघे एकदमच पोचले आणि एकदमच आत शिरायला बघताना चौकटीत अडकले.

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं. दोघांच्या हकिकती शब्दाला शब्द जुळतात, फक्त चूक कोणाची तिथे फरक पडतो.

सिबिल गवतावर पडली होती. अंगावर असेल नसेल ते सगळं घेतलेलं. चूल थंड. लाकडं होती, शरदात तिने बागेतल्या छाटलेल्या फांद्या गोळा करून दाराबाहेर वळचणीला रचून ठेवल्या होत्या, चांगली छातीइतकी रास. पण दोन दिवस तिला उठता येत नव्हतं.

स्कर्मसाहेबांनी वाकून विचारलं, "सिबिल, देवासमोर सांग, त्या कोण होत्या?"

लिंगनने दुसऱ्या बाजूने वाकून विचारलं, "सिबिल, तो कोण होता?"

सिबिलने डोळे उघडले. एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. म्हणाली, "बाहेर लाकडं आहेत. जो आणेल, त्याचं म्हणेन."

दोघेही ताठ उभे राहिले. दार चार पावलांवर. पण जो बाहेर जाईल, त्याच्यामागे दुसरा एकटा उरणार. आणि तेवढ्यात ती काही बोलली तर? तिचा शेवटचा शब्द ऐकलेला एकटा साक्षीदार शत्रूच. स्कर्मसाहेब म्हणाले, "लिंगन, तुम्ही वयाने लहान." लिंगन म्हणाला, "तुम्ही दाराशी जवळ." साहेब म्हणाले, मग दोघं मिळून जाऊ. लिंगन म्हणाला, आणि ती एकटी असताना बोलली तर ऐकणार कोण? मग त्यांनी तिलाच समजावायला सुरुवात केली. आधी बोल, मग लाकडं. ती म्हणाली, आधी लाकडं. साहेबांनी तिला स्वर्गाचं वर्णन ऐकवलं. लिंगनने नरकाचं ऐकवलं. निदान ते तरी उबदार होतं. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि मधे ती.

मधेच तिने एकदा विचारलं, "हे खोपटं माझं आहे ना?"

हो म्हणायचं, तर बाई जिवंतपणी बोलल्या हे कबूल. मग भूत कशाला आलं? नाही म्हणायचं, तर ती रुसून बोलायची नाही. दोघेही छपराकडे पाहत राहिले.

तिच्या तोंडची वाफ कधी बंद झाली, हे दोघांच्या वादात दोघांनाही कळलं नाही. स्कर्मसाहेब शपथेवर सांगतात, की शेवटी तिचे ओठ हलले आणि ते 'बाईसाहेब' असं हलले. लिंगन शपथेवर सांगतो, की हलले खरे, पण 'सैतान' असे हलले. मी जाऊन पाहिलं तेव्हा ओठ निळे होते आणि घट्ट मिटलेले होते. तिला पुरायला तिच्याच दारातली लाकडं जाळून माती मऊ करावी, असं माझ्या मनात होतं. पण ब्रिडस्टॉकने ती मोजून ठेवली होती. म्हणाला, झाडं माझी तर फांद्या माझ्या. मी कुदळीने खणलं. दोन दिवस लागले. चर्चच्या उत्तरेला, जिथे ऊन येत नाही, तिथेच परवानगी मिळाली. लोकरीला पैसे कोणी देईना, म्हणून ॲव्हिसने आपला परकर दिला. कायदा म्हणतो लोकर. परकर लोकरीचा होता.

लोक मला विचारतात, वॉटकिन, सिबिल दिसते का रे? स्कर्मसाहेब पुढे कित्येक दुपारी नासपतीखाली स्टूल टाकून तिची वाट बघत बसले. लिंगन कुंपणापलीकडे उभा, ती येत नाही याची खात्री करायला. ती आली नाही. मी एवढी भुतं पाहिली, सांगितली, काही माझ्या पदरची घातली, पण तिच्याबद्दल खोटं सांगायला माझीही जीभ वळत नाही.

खोपटं ब्रिडस्टॉककडे परत आलं. माणूस तिथे राहायला कोणी तयार होईना, तेव्हा त्याने आपली व्यायला झालेली डुकरीण आत बांधली. थंडी अजून तशीच होती. पिल्लं गारठतील म्हणून तो गड्याला सांगून दिवसरात्र चूल पेटती ठेवायचा. वळचणीची ती रास वसंतापर्यंत पुरली.